दोन डोंगल, एक कप्पा

निविदेचं टेबल माझ्याकडे आलं २००८ साली. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात मी तेव्हा कनिष्ठ सहायक होतो. चार्ज यादीत रजिस्टरांच्या खाली तीन वस्तू लिहिलेल्या होत्या: लाखेच्या कांड्या, पितळी शिक्का आणि निविदा पेटीची किल्ली. आधीच्या भाऊसाहेबांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "ही कुणाच्या हातात द्यायची नाही. साहेबांनी मागितली तरी आपण उठून जायचं, त्यांच्यासमोर पेटी उघडायची आणि किल्ली परत खिशात टाकायची."

मी ते पाच वर्षं पाळलं. पुढे काय झालं ते सांगायचं म्हणून हे लिहितो आहे.

आमची जुनी पद्धत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काम निघालं की वर्तमानपत्रात निविदा सूचना यायची. निविदेचा कोरा फॉर्म, बहुतेक वेळा बी-१ नावाच्या नमुन्यातला, आमच्या खिडकीवर विकत मिळायचा. फॉर्मसाठी ठेकेदारानं अर्ज करायचा, नोंदणीचा दाखला जोडायचा, साहेबांची सही घ्यायची, मग मी पावती फाडून विक्री रजिस्टरला नाव लिहायचो. नंतर भरलेलं पाकीट लाख लावून पेटीत पडायचं. पाकिटातला दर कुणाला कळत नसे, हे खरं. पण पाकीट कोण टाकणार हे रजिस्टरवरून आधीच सगळ्यांना कळलेलं असे. संध्याकाळपर्यंत ती यादी समोरच्या चहाच्या टपरीवर पोचायची. रात्री कुठल्या तरी हॉटेलात बैठक व्हायची, काम कुणी घ्यायचं ते ठरायचं आणि बाकीचे दोघे चढ्या दरानं सपोर्टचं टेंडर भरायचे. तुलनात्मक तक्त्यात तीन निविदा, सगळं नियमात.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्या तालुक्यातला एक माणूस फॉर्म घ्यायला आला होता. हातात प्लास्टिकची फाइल, दाखले सगळे नीट लावलेले. मी त्याचा अर्ज साहेबांकडे पाठवला आणि त्याला थांबायला सांगितलं. तेवढ्यात दोन जण आले, एकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "चला, चहा घेऊ" म्हणाला. अर्ज सही होऊन आला तेव्हा खिडकीपुढे कुणी नव्हतं. तो माणूस परत आलाच नाही. मी काही बोललो नाही. शिपाई बोलला नाही. शेजारच्या टेबलावरच्यांनीही माना वर केल्या नाहीत. त्या अर्जावरची सही अजून डोळ्यांपुढे येते.

म्हणून ई-निविदेचं प्रशिक्षण आलं तेव्हा मी मनापासून गेलो. २०१३ चं साल होतं. राज्यात १० लाखांवरच्या कामांना ई-निविदा सक्तीची झाली होती आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं, म्हणजे एनआयसीनं, बनवलेल्या प्रणालीवर आमचं कार्यालय जोडायचं होतं. शिकवणाऱ्यांनी सांगितलं की आंध्र प्रदेशात हे २००३ पासून चालू आहे, आपण उशिरा आलो आहोत. नंतर त्यांनी फळ्यावर पेटीचं चित्र काढलं. ठेकेदार दर भरतो तो त्याच्याच संगणकावर कुलूपबंद होतो आणि मगच तिथून निघतो. सर्व्हरवर नुसतं कुलूप लागलेलं गाठोडं पडून राहतं, आतलं कुणाला वाचता येत नाही. त्या कुलपाची किल्ली तुमच्या अधिकाऱ्यांच्या डोंगलमध्ये, म्हणजे डिजिटल सही ठेवलेल्या, संगणकाला लावायच्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूत. निविदा उघडणारे चारपर्यंत अधिकारी नेमता येतात आणि त्यांतल्या दोघांनी आपापलं डोंगल लावून पिन टाकल्याशिवाय गाठोडं सुटत नाही. ठरलेल्या वेळेच्या आधी दोघांनी लावलं तरी सुटत नाही.

मला ते लगेच पटलं. माझ्या पेटीला एक किल्ली होती, हिला दोन. शिवाय फॉर्म विकत घ्यायला खिडकीवर यायची गरजच उरली नव्हती. कागदपत्रं कुठूनही उतरवून घ्या, रात्री दोन वाजता भरा. कोण भरतंय हे मलाच कळणार नव्हतं, मग टपरीवर काय कळणार?

पहिली निविदा चढवायला मला सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत बसावं लागलं. एकच संगणक, त्यात जावाची ठरावीक आवृत्ती असली तरच सही उमटायची, मध्येच भारनियमन. नकाशे स्कॅन केले तर फाइल एवढी मोठी व्हायची की चढेना, लहान केली तर आकडे वाचता येईनात. पण ते सगळं महिन्याभरात हाताला बसलं, त्यावर जास्त लिहीत नाही.

पहिल्या खेपेला एका रस्त्याच्या कामाला सात निविदा आल्या. त्यांतली दोन नावं आमच्यापैकी कुणाच्याच ओळखीची नव्हती. सगळ्यात कमी दर त्या दोनांपैकी एकाचा होता. साहेबांनी पडद्यावरचं नाव दोनदा वाचलं. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की आज ऑफिसात फार चांगलं काही घडलं.

एक भोक मात्र राहिलं होतं आणि ते आम्हीच ठेवलं होतं. बयाणा रकमेचा, म्हणजे निविदेसोबत भरायच्या अनामतीचा, डिमांड ड्राफ्ट मूळ प्रतीत कार्यालयात आणून द्यावा, तोही निविदा उघडण्याआधी, अशी अट आमच्या सूचनेत जुन्या मसुद्यातून तशीच उतरली होती. मग काय, जो भरणार तो ड्राफ्ट घेऊन माझ्या टेबलापुढे उभा. नावं पुन्हा बाहेर. दोन-तीन महिन्यांतच पुन्हा तेच तीन जण, तेच दर. पुढे बयाणा पोर्टलवरूनच बँकेत भरायची आणि काम न मिळालेल्यांना थेट खात्यात परत जायची सोय आमच्याकडे सुरू झाली, तेव्हा ते भोक बुजलं. माझ्या मते या सगळ्या बदलात सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. पण नव्या कार्यालयात ई-निविदेची कौतुकं ऐकतो तेव्हा त्याबद्दल कुणी बोलताना दिसत नाही.

२०१४ च्या अखेरीस मर्यादा ३ लाखांवर आली. आमचं काम एकदम कितीतरी पटीनं वाढलं, कारण जिल्हा परिषदेची बरीचशी कामं याच आकाराची: शाळाखोल्यांची दुरुस्ती, स्मशानभूमीचं शेड, गावातलं काँक्रीटीकरण, ओढ्यावरची मोरी. त्याच सुमारास लहान ठेकेदार आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते पहिल्यांदा पोर्टलवर आले. त्यांना सगळं नवीन. एकदा मुदत संपायला अर्धा तास असताना एका मुलीचा फोन आला. नुकतीच स्थापत्य पदविका घेतलेली, पहिलंच टेंडर, रडकुंडीला आलेली. "सर, दरपत्रकाची फाइल घेतच नाहीये. चार वेळा केलं." मी विचारलं, फाइलचं नाव बदललंस का? तिनं एक्सेलची फाइल उतरवून तिला शाळेचं नाव दिलं होतं. म्हटलं, जे नाव उतरवताना होतं तेच ठेव, एक अक्षरही बदलू नकोस, निळ्या चौकटीत दर टाक आणि शेवटी फ्रीझचं बटण दाब, नाहीतर सगळं भरूनही निविदा जमा होत नाही. पाच वाजायला आठ मिनिटं असताना तिची पोच निघाली.

रात्री मला ते खटकलं. तिला मदत केली यात वाईट काही नव्हतं, पण निविदा उघडण्याआधी एका ठेकेदाराचं नाव मला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी फाइलचं नाव, निळ्या चौकटी, फ्रीझ, सगळं मराठीत टाइप करून सूचना फलकावर लावलं, खाली मदतकेंद्राचा क्रमांक दिला, आणि त्यानंतर मुदत चालू असलेल्या कामाबद्दल फोन घेतला नाही. एवढं मला सुचलं. आणि जे त्याहून कितीतरी मोठं होतं ते माझ्या स्वतःच्या कपाटात असून सुचलं नाही.

माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात स्टीलचा डबा होता. त्यात कार्यकारी अभियंत्यांचं डोंगल, उपअभियंत्यांचं डोंगल आणि माझं. प्रत्येकाला कागदाची पट्टी चिकटवलेली, पट्टीवर पिन. निविदा तयार करणारा एक, प्रसिद्ध करणारा दुसरा, उघडणारे दोघे, असं प्रणालीत प्रत्येकाचं वेगळं खातं होतं. प्रत्यक्षात सगळ्या खात्यांवर मीच बसायचो. साहेब दौऱ्यावर, साहेब आढावा बैठकीत, साहेबांना संगणकाचा कंटाळा. "तूच कर रे, तुझ्यावर विश्वास आहे." हा विश्वास मला मानाचा वाटायचा. पेटीची किल्ली ज्यानं साहेबांच्याही हाती दिली नव्हती, त्यानं साहेबांची सही आपल्या डब्यात ठेवली होती, आणि यात काही चुकतंय असं दोन-अडीच वर्षांत एकदाही वाटलं नाही.

२०१६ चा मार्च. मार्चअखेर म्हणजे काय असतं ते कार्यालयात काम करणाऱ्याला सांगायला नको. ११ कामांच्या निविदा एकत्र लावल्या होत्या. उघडणारे अधिकारी म्हणून मी दोघांचीच नावं घातली, दोनपैकी दोन, कारण लेखा अधिकाऱ्यांच्या डोंगलची मुदत संपली होती आणि नवं काढायला वेळ नव्हता. मुदत चालू असतानाच कार्यकारी अभियंत्यांची बदली झाली, ते त्याच दिवशी कार्यमुक्त झाले. मी निर्धास्त होतो. डोंगल डब्यातच होतं.

उघडायच्या दिवशी आधी उपअभियंत्यांचं डोंगल लावलं. पिन चुकीचा. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. मला वाटलं कीबोर्ड अडकतोय, म्हणून आणखी टाकला. मधल्या काळात उपअभियंता साहेबांनी दुसऱ्या कुठल्या कामासाठी डोंगल नेलं होतं आणि पिन बदलला होता, हे मला माहीत नव्हतं. ठरावीक वेळा चुकलं की डोंगल स्वतःला बंद करून घेतं. तसं ते झालं. घाबरून मी ते गावातल्या डिजिटल सहीचं सर्टिफिकेट काढून देणाऱ्याकडे नेलं. तो म्हणाला, "काही नाही, साफ करून नवीन घालून देतो." त्यानं साफ केलं. नवीन प्रमाणपत्र घातलं, नाव तेच, हुद्दा तोच. संध्याकाळी लावलं तर प्रणाली उघडेना. नाव तेच असलं तरी किल्ली वेगळी होती. ज्या किल्लीसाठी ते ११ कामांचे दर कुलूपबंद झाले होते, ती त्या दुकानात पुसली गेली होती आणि जगात तिची दुसरी प्रत नव्हती.

नवे कार्यकारी अभियंता आदल्याच दिवशी हजर झाले होते. मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "आणि हे डोंगल चाललं असतं तर दुसरं कुणाचं लावणार होतास?"

"आधीच्या साहेबांचं."

"ते कार्यमुक्त झालेत. म्हणजे या कार्यालयात नसलेल्या माणसाची सही तू करणार होतास."

मी उभाच राहिलो. तोवर मी त्याला सही म्हणून कधी पाहिलंच नव्हतं, ती माझ्या लेखी एक वस्तू होती. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नं डिजिटल सहीला हाताच्या सहीइतकीच किंमत दिली आहे. त्याच कायद्याच्या कलम ६६ सी मध्ये दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड लबाडीनं वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आमच्या मनात लबाडी नव्हती. पण उद्या कुणी आक्षेप घेतला असता तर ते कशावरून सिद्ध केलं असतं? दोन किल्ल्या दोन माणसांकडे असाव्यात म्हणून कुणीतरी इतका विचार करून जे घडवलं होतं, ते आम्ही एका डब्यात ठेवून मोडून टाकलं होतं.

अकराही निविदा रद्द झाल्या. मला कारणे दाखवा नोटीस आली आणि ती योग्यच होती. उत्तरात मी जे घडलं ते लिहिलं.

त्या ११ कामांत एका वाडीकडे जाणाऱ्या वाटेवरची मोरी होती. पावसाळ्यात ओढा भरला की वाडीतल्या पोरांची शाळा बुडायची. गावच्या सरपंचबाई निविदा रद्द झाल्याचं ऐकून एसटीनं आल्या आणि माझ्या टेबलापुढच्या खुर्चीवर बसल्या.

"भाऊसाहेब, कागद उघडला नाही म्हणजे काय?"

मी सांगायचा प्रयत्न केला. किल्ली हरवली, असं म्हणालो.

"मग कुलूप तोडा की. पंच बोलवा, सह्या घ्या आन् तोडा."

पेटी असती तर खरंच तसं करता आलं असतं. पंचनामा करून कुलूप कापलं असतं, आतली पाकिटं शाबूत निघाली असती. हे कुलूप तुटणारं नव्हतं, आणि ते तुटत नाही म्हणूनच चांगलं होतं. पण हे त्यांना कसं सांगणार? त्या उठताना एवढंच म्हणाल्या, "आता जून यील." फेरनिविदेची मुदत, तांत्रिक तपासणी, मंजुरी, आणि कार्यारंभ आदेश निघेपर्यंत जून आलाच. मोरी झाली ती पुढच्या हिवाळ्यात. एक पूर्ण पावसाळा त्या पोरांनी ओढ्याच्या अलीकडे काढला, माझ्या डब्यामुळे.

नव्या साहेबांनी पहिल्या आठवड्यात डबा रिकामा करायला लावला. ज्याचं डोंगल त्याच्याकडे. पिन ज्याचा त्यानं बदलायचा. उघडणारे चार, त्यात लेखा अधिकारी हवेतच, म्हणजे चारपैकी कोणतेही दोन असले की भागतं. प्रमाणपत्रं कधी संपतात त्याच्या तारखा माझ्या टेबलाच्या काचेखाली. आणि चार्ज यादीत एक नवी ओळ: बदली झालेल्या अधिकाऱ्याच्या किल्लीवर न उघडलेल्या निविदा किती. ती संख्या शून्य झाल्याशिवाय निविदा शाखेचा ना-देय दाखला मिळत नाही. यामुळे कामाला उशीर होतो, ही तक्रार खरी आहे. साहेब दौऱ्यावर असले की निविदा दुपारी तीनऐवजी संध्याकाळी सातला उघडते. तेवढा उशीर सोसावा असं माझं ठाम मत आहे.

हाच डबा मी ठेकेदारांच्या बाजूलाही पाहिला. तालुक्याच्या गावी टेंडर भरून देणारी दुकानं निघाली. लहान ठेकेदाराला संगणक येत नाही, तो आपलं डोंगल तिथं देऊन येतो. एकदा प्रमाणपत्राच्या कामासाठी अशा दुकानात गेलो, तर काउंटरच्या मागे खिळ्यांना डोंगलं लटकत होती, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. एकाच कामाला भरणारे तीन जण एकाच भिंतीवर. जी नावं पूर्वी माझ्या रजिस्टरात दिसायची ती तिथं खिळ्यांवर, आणि आता तर दरही त्याच माणसाला टाइप करायला सांगितलेले. ते पाहून मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. २०१८ साली मध्य प्रदेशात निविदा उघडण्याआधीच त्यांतले दर बदलल्याचा आरोप झाला, पुढे गुन्हा नोंदला गेला, तेव्हा आमच्याकडचे लोक म्हणाले, बघा, हॅक होतं. मला ती भिंत आठवली. तिथं काही हॅक करायची गरजच नव्हती.

आणखीही गोष्टी आहेत ज्या कुठल्याच कुलपानं अडत नाहीत. ३ लाखांची मर्यादा आल्यावर दोन लाख नव्व्याण्णव हजारांची अंदाजपत्रकं येऊ लागली, एकाच रस्त्याचे तीन तुकडे, तीन वेगळ्या नावांनी. डांबरीकरणाच्या निविदेत हॉटमिक्स प्लांट अमुक किलोमीटरच्या आतच हवा अशी अट घातली की त्या अंतरात प्लांट असलेला एकच जण उरतो. अंतराला कारण असतं, डांबर थंड होता कामा नये, पण किती किलोमीटर हे कोण ठरवतं? तिथं संगणक काही करू शकत नाही. फर्निचर, संगणक, छपाईयंत्रं आता जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून घेतो. ते सोपं आहे, त्यात माझी फार तक्रार नाही.

मोरीच्या फेरनिविदेचा दिवस मे महिन्यातला होता. वेळ दुपारी तीनची. चारपैकी दोघे रजेवर, लेखा अधिकारी हजर, साहेब एका पुलाच्या पाहणीला गेलेले. पावणेसात वाजता ते आले, बुटांवर मुरमाची धूळ. त्यांचं डोंगल मोटारसायकलच्या किल्लीच्या कडीत होतं. ते त्यांनी सोडवलं, माझ्या संगणकाला लावलं, पडद्यावर पिनची चौकट आली.

"तिकडे बघ," ते म्हणाले.

मी भिंतीकडे तोंड केलं. मागे सहा वेळा कळ वाजली. मग लेखा अधिकारी मॅडम पुढे आल्या, त्यांनी पर्समधून आपलं काढलं आणि मी तसाच भिंतीकडे बघत उभा राहिलो. "ये आता," साहेब म्हणाले. पडद्यावर पाच नावं होती.